दोन श्रावणांचं साल

"पोटातल्या लेकराला रजा लागत न्हाई, मांडीवरच्याला लागती."

हे बोलताना बाईंचा अंगठा बोटांच्या पेरांवर चालत असायचा. करंगळीच्या बुडाला चैत्र. तिथून वर चढायचं, एका बोटाला तीन महिने, चार बोटांत साल संपलं. टेबलावर आकडेमोडीचं मशीन होतं, भिंतीला कॅलेंडर होतं. बाई दोन्हीकडं शेवटी बघायच्या, आधी हात. मी चौथी शिकलेला माणूस. मला वाटायचं, एवढी शिकलेली बाई, अन् मोजती आमच्या आईवाणी.

मी तालुक्याला अंगणवाड्यांच्या ऑफिसात शिपाई होतो. बाई रजेच्या टेबलाला. गावोगावच्या अंगणवाडीच्या सेविका, मदतनिसा, कुणाला दिवस गेले की अर्ज घेऊन बाईंपुढं यायच्या. सरकार बाळंतपणाला एकशे ऐंशी दिवस देतं, भरमानधनी. पण ते दिवस कधीपासून धरायचे, हे अर्जात लिहावं लागतं. लवकर धरले तर पोटातच संपतात. उशिरा धरले तर बाई कामावर अन् कळा सुरू. ही मधली जागा हुडकायची, एवढंच बाईंचं काम. तुम्ही म्हणाल, यात काय अवघड? माझंही तसंच होतं.

अवघड अशासाठी, की आमच्याकडं सातव्या महिन्यात ओटी भरून पोरीला माहेरी धाडतात. मग सासू पोरीला घेऊन ऑफिसात येणार अन् म्हणणार, सातव्यापासून रजा द्या.

"सातव्यापासून दिली तर लेकरू चार महिन्यांचं व्हायच्या आधी हिला कामावर यावं लागंल," बाई म्हणायच्या. "मग त्याला कुणी पाजायचं? तुम्ही?"

"आमी कशाला? वरचं दूध हाय की."

"म्हशीचं?"

"म्हशीचंच. आमच्या म्हशीला काय झालंय?"

"म्हशीला काय न्हाई झालं. म्हशीला रजा बी लागत न्हाई. हिला लागती."

एक सासू उमापूरकडची होती. ती एवढं भांडली की साहेब केबिनमधून बाहेर आले. बाई उठल्या, तिच्यासाठी चहा मागवला, अन् तिच्याच हाताची पेरं धरून तिच्याकडूनच मोजून घेतलं. म्हातारी शेवटच्या पेरावर थांबली. मग सुनेला म्हणाली, "ऊठ. ओटी घरी भरू. रजा ही सांगती तवाच घे."

दुसरी अडचण तारखेची. शेवटची पाळी कधी आली, हे पोरींना तारखेनं सांगता येत नाही. त्या सणानं सांगतात. पोळ्याच्या अल्याड, पंचमीच्या पल्याड. बाईंनी त्यावर आपली एक रीत काढली होती. त्या विचारायच्या, "पोळ्याला पुरण कुणी वाटलं?" पोरगी म्हणाली, "मीच," तर पाळी पोळ्याला नव्हती. म्हणाली, "जाऊबाईनं," की बाई मान हलवायच्या. "मग तू बाजूला बसलीवतीस." आणि अंगठा चालू. नऊ महिने अन् सात दिवस. लोक नऊ महिने नऊ दिवस म्हणतात. बाई म्हणायच्या, "वरचे दोन लोकांनी लाडानं घातलेत."

हे सगळं मला कसं ठाऊक, असं तुम्हाला वाटेल. अर्धं दाराआडून. कारण अशी पोरगी येऊन बसली की बाई हमखास म्हणायच्या, "मामा, पाणी आणता का?" तांब्या भरलेला असला तरी. मी मनात म्हणायचो, या बाईला तहान लई. पाच-सहा वर्षं पाणी आणल्यावर कळलं, की पाणी कुणाला नको होतं. मी बाहेर जायला हवा होतो.

बाई तशा थकलेल्या असायच्या. गुडघे सुजायचे, दुपारनंतर चपला काढून पाय टेबलाखालच्या खोक्यावर ठेवायच्या. मी एकदा विचारलं, "बाई, एवढा जीव कशाला काढता? त्या मागतील तवापासून देऊन टाका. सही साहेबाची हाय."

त्यांनी पेन खाली ठेवला. "मामा, माझ्या येळंला नव्वदच दिवस होते. मला कुणी मोजून दिले न्हाईत. सासरे म्हणाले आधी घ्या, मी आधी घेतले. माझं लेकरू दीड महिन्याचं असताना मी या खुर्चीत येऊन बसले. पदर वला व्हायचा. फाईल आडवी धरून बसायची."

मी पाणी आणायला गेलो. त्या दिवशी कुणी सांगितलं नव्हतं.

मी रिटायर झालो अन् तेलगावच्या पुढं आमच्या वस्तीवर येऊन बसलो. लेक चाकणकडं कंपनीत. सून मनीषा, आमच्याच गावच्या अंगणवाडीत सेविका. तिला दिवस गेले. लेक घरी नाही, म्हणून अर्ज घेऊन मीच तिच्यासंगं गेलो. ऑफिसात मला मान होता, किंवा मला तसं वाटत होतं. धुतलेला पटका बांधला. बाईंच्या टेबलापुढं खुर्ची ओढून बसलो. नोकरीत असताना त्या खुर्चीवर मी कधी बसलो नव्हतो.

बाईंनी सुनेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणाल्या, "मामा, पाणी आणता का?"

मला राग आला. मी म्हणालो, "बाई, मी आता शिपाई न्हाई."

तांब्या त्यांच्या हाताशीच होता. मग सुनेला म्हणाल्या, "बोल बाई. कोणत्या महिन्यात?"

सून खाली मान घालून म्हणाली, "श्रावणात."

"औंदा दोन श्रावण झाले. धोंड्याचा का निज?"

तुम्हाला ठाऊकच आहे, तीन सालांत एकदा एक महिना वरचा येतो. आधी हा धोंड्याचा महिना, मागून खरा म्हणजे निज. धोंड्यात जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालतात, पण लग्न नाही, वास्तू नाही, कोणतं चांगलं काम नाही. आमचा बाप म्हणायचा, धोंड्याला मालक नाही, तो मोजायचा नसतो. सुनेनं तोंड उघडलं. सासऱ्यापुढं असलं बोलायला तिला जड जात होतं, तरी उघडलं. तिच्याआधी मीच बोललो.

"निज लिहा. आमी धोंडा धरत न्हाई."

"मामा, तुम्ही धरा नाहीतर धरू नका. पोट धरतंय."

"निज म्हणलो ना."

बाईंनी परत सुनेकडं बघितलं. "खरं का गं?" सुनेनं माझ्या पायांकडं बघत मान हलवली. ती होय म्हणून हलली का नुसती हलली, हे मला आजही सांगता येणार नाही. बाईंचा अंगठा निज श्रावणावर जाऊन थांबला अन् तिथून चालू लागला.

आठव्यात सोनोग्राफी झाली. तो कागद रजेच्या फाईलला लागतो, म्हणून ऑफिसात धाडला. चार दिवसांनी बाईंचा फोन आला. "मामा, कागद जुळंना. यंत्र महिनाभर जास्तीचे दिवस दाखवतंय. सुनेला एकदा धाडून द्या. एकटीला."

एकटीला, हा शब्द मला खुपला. मी म्हणालो, "यंत्राला काय कळतंय," अन् फोन ठेवला. सुनेला सांगितलं नाही.

पुढं काय झालं ते तुम्ही ओळखलं असेल. कडक ऊन होतं. सून अंगणवाडीत लेकरांची वजनं घेत होती. काट्याला लेकरू लटकवलेलं, अन् ती तिथंच भिंतीला धरून बसली. मदतनीस धावत घरी आली. मी म्हणालो, अजून महिना आहे, उन्हाचं झालं असेल, लिंबूपाणी द्या. लिंबू पिळण्यात अर्धा तास गेला. तो अर्धा तास माझा आहे, तो कुणाच्या हिशेबात लिहिलेला नाही.

दवाखान्यापर्यंत रिक्षा पोचली, तवर पाणी जाऊन सीट भिजली होती. पोरगी झाली, चांगली टणटणीत. नर्स म्हणाली, "आठवा कोण म्हणलं? हिचे दिवस पुरे भरलेत." पण सुनेचं रक्त थांबेना. तिला बीडला हलवलं. तीन दिवस मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून होतो. लेक आला, मला ओलांडून आत गेला. निज मी लिहवला, हे त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं, तरी गेला. चौथ्या दिवशी सुनेनं डोळे उघडून लेकरू मागितलं.

सून वाचली, आता रजा अडली. रजा मंजूर होती पुढच्या महिन्यापासून, अन् बाळंतपण झालं कामाच्या दिवशी. साहेबांनी खुलासा मागितला, तारीख चुकली कशी? मी जन्माचा कागद घेऊन ऑफिसात गेलो. तेव्हा बाईंचा खुलासा टेबलावर उघडा होता. मला वाचायला वेळ लागतो, पण मी अक्षर अक्षर वाचलं. "सेविकेने महिना बरोबर सांगितला होता. मोजताना माझ्याकडून चूक झाली."

मी म्हणालो, "बाई..."

त्या म्हणाल्या, "पोरगी दूध वढती का?"

"वढती."

"मग झालं."

तेवढ्यात मला खरं सांगता आलं असतं. साहेब पलीकडच्या खोलीतच होते, दहा पावलांवर. मी जन्माचा कागद ठेवला अन् एस.टी. धरली.

बाळंतपणाच्या दिवसापासून सुनेला पुरे एकशे ऐंशी दिवस मिळाले. बाईंचं रजेचं टेबल काढून घेतलं. त्यांना टपालाच्या खोलीत बसवलं, तिथं खिडकी नाही. हे मला नव्या शिपायानं सांगितलं. अन् मी काय केलं? गावात कुणी विषय काढला की म्हणायचो, "बाईची मोजणी चुकली. शिकलेली माणसं, बोटावर मोजत्यात."

सुनेची रजा संपायला आठ दिवस होते. माझा मेव्हणा पोरगी बघायला आला. पोरगी पालथी पडायची, उशी लावली तर बसायची. मी मेव्हण्यापुढं तेच परत म्हणालो. तो गेल्यावर सून दुपटी घड्या घालत होती. घडीवरची नजर न काढता म्हणाली, "आण्णा, बाईंचं नाव नका घेत जाऊ."

"कावून?"

"मी शुद्धीवर आल्यावर बीडच्या दवाखान्यात त्या आलत्या. तुम्ही चहाला गेलतात. मी त्यांना सांगितलं, धोंड्यातलंच होतं. म्हणलं, मी साहेबाला लिहून देते. त्या म्हणाल्या, गप पड. सेविकेनं खोटी माहिती दिली असं कागदावर आलं की तुझी रजा गेली अन् नोकरी बी जाईल. माझी चूक म्हणलं तर नुसतं माझं टेबल जाईल."

"माझं नाव घेतलं?"

"त्या म्हणाल्या, म्हाताऱ्याला बोलू नको. त्याला ठाऊक हाय."

पोरगी उशीवरून एका अंगाला कलंडली. सुनेनं तिला उचललं अन् आत गेली. सहा महिने मी एक गोष्ट लपवून ठेवली, असं मला वाटत होतं. खरं तर ती दोन बायांनी माझ्यासाठी झाकून ठेवली होती.

त्याच दिवशी जायला पाहिजे होतं. गेलो नाही. आज जातो, उद्या जातो. पाय दुखतात, एस.टी.ला गर्दी आहे, बाई ऑफिसात सगळ्यांपुढं काय म्हणतील. मोठेपणा असा असतो, तो रोज नवं कारण आणून देतो. तवर बाई रिटायर झाल्या. सत्काराला मला बोलावणं होतं, मी गेलो नाही. सून पुढं नोकरी सोडून लेकाकडं चाकणला गेली. म्हणून आता हे सांगायला कुणाची भीती नाही.

गेल्या महिन्यात शेवटी गेलो. तालुक्याला वाण्यांच्या गल्लीत बाईंचं घर. खाली सासऱ्यांचं जुनं किराणा दुकान, वर राहायला. वरच्या दाराला कुलूप होतं. पलीकडच्या दारात एक बाई मेथी निवडत बसली होती.

"त्या न्हाईत. लेकीकडं गेल्यात लातूरला. लेकीचं बाळंतपण हाय."

"कधी येतील?"

"लेकीला नोकरी हाय. तिची रजा सरस्तोवर ह्या तिथंच. नंतर बी काय सांगावं, लेक सोडती का. खोली रिकामी करायची बोलत होत्या."

मी जिन्याच्या पायरीवर बसलो. वर चढून आलो होतो, धाप लागली होती. त्या बाईनं मेथीची काडी टाकली अन् विचारलं.

"निरोप हाय का काय? फोनवर बोलणं होतं आमचं."

"सांगा, ऑफिसातला शिपाई येऊन गेला. चूक त्यांची नव्हती, माझी होती म्हणावं."

"कशातली चूक?"

"त्यांना कळंल."

ती "बरं" म्हणाली अन् मेथीची दुसरी जुडी सोडली.