दिवाळीनंतरचे धडे

मेंढपाळाच्या त्या मुलीनं तिसरीची जुनी पुस्तकं धाकट्या मुलांसाठी शाळेत आणून दिली, तेव्हा माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं. प्रत्येक पुस्तकाची पुढची अर्धी पानं मळलेली, कान मुडपलेली होती आणि मागची अर्धी नव्यासारखी. तिचे घरचे लोक दिवाळी झाली की मेंढरं घेऊन पश्चिमेला, कऱ्हाडच्या बाजूला उतरायचे आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचे. ती त्यांच्याबरोबर जायची. त्यामुळं तिला प्रत्येक विषयाचं दिवाळीपर्यंतचंच येत होतं.

बेरीज, वजाबाकी, गुणाकार यांत तिच्या पाटीवर चूक सापडायची नाही. भागाकार मात्र दिवाळीनंतर सुरू व्हायचा, म्हणून तो तिनं कधी पाहिलाच नव्हता. भूगोलात जिल्ह्याच्या नद्या पाठ, पिकं नाहीत. इतिहासातल्या महाराजांनी तोरणा घेतला होता, त्यापुढं ते तिच्यापुरते हललेच नव्हते. टकळीवर सूत काढायला बसली की मात्र मीसुद्धा तिच्यापुढं कच्ची. घरी लोकर कातून तिची बोटं तयार झालेली होती.

"बाई, फुडं काय हुतं?" असं ती रोज शाळा सुटताना विचारायची. मी चिडून म्हणायची, "पुढचं पुढं." माझाही इलाज नव्हता. सांगली जिल्ह्याच्या पार टोकाला, जतच्याही पुढं असलेली ती शाळा. खोली एक, वर्ग चार, शिकवणारी मी एकटी. एका भिंतीशी पहिली मुळाक्षरं ओरडतेय, दुसरी पाढे म्हणतेय, तिसरी नकाशात बोट फिरवतेय आणि चौथीला मी काय सांगतेय ते मलाच ऐकू येत नाही, अशी सगळी तऱ्हा. मी वाईची. कृष्णेच्या काठावर वाढलेल्या मला इथं पिण्याच्या पाण्यासाठी मैलभर चालावं लागत होतं, आणि माझं डोकं कायम तापलेलं असायचं. नोकरी अजून कच्ची होती. तपासणीत चांगला शेरा मिळाला की कायम होणार आणि मग बदली मागता येणार, एवढ्या एका आशेवर मी दिवस काढत होते.

तरी त्या मुलीला मला ठेवून घ्यायचं होतं. हे मी आज चांगुलपणा दाखवायला सांगत नाही. तिच्यासारखं पोर वर्गात असलं की शिकवायला हुरूप येतो, इतकंच. दिवाळीच्या सुट्टीआधी मी तिच्या वडिलांना गाठलं. मुलीची मावशी गावातच राहायची आणि ती सांभाळायला तयार होती. यंदाचं वर्ष मुलीला ठेवा, चौथीची परीक्षा होऊ द्या, असं मी त्यांना म्हटलं.

त्यांनी पागोट्याचा पदर चाळवला. मग म्हणाले, "आवं बाई, चार वर्सं झाली शाळंत जातीया. काय शिकली ते मला अडाण्याला कसं कळावं? तुमी तर चांगलंच म्हननार. दिपोटी येनार हाय म्हनं. त्याच्या म्होरं तिला हुबी करा. त्यो काय म्हनतोय ते ऐकतो आन मग ठरवतो."

दिपोटी म्हणजे शाळा तपासायला येणारे साहेब. सुट्टी संपल्यावर पाचव्या दिवशी ते येणार होते. बाकीचे कळप तोवर निघून गेले. हे एकटेच मुलीसाठी थांबले. गावाबाहेर मेंढरं खुरटं गवत कुरतडत होती आणि मागं राहिलेल्याला वाटेत काय चारा मिळणार, असं गावातले लोक त्यांना तोंडावर विचारत होते. त्यांनी मला एका शब्दानं घाई केली नाही. पण शाळेवरून जाताना दारात क्षणभर उभे राहायचे, आत बघायचे आणि निघून जायचे.

सुट्टी संपली त्याच दिवशी एसटीच्या कंडक्टरनं मला एक चिठ्ठी आणून दिली. शेजारच्या गावच्या गुरुजींची होती. त्यांच्याकडं सुट्टीआधीच तपासणी झाली होती. अभ्यास कुठवर झालाय ते न बघता साहेब सगळ्या शाळांत तेच प्रश्न विचारतात, असं त्यांनी लिहिलं होतं आणि खाली प्रश्नांची यादीच दिली होती. चौथीला भूगोलात पश्चिम भागातली पिकं. इतिहासात राज्याभिषेक. विज्ञानात झाड अन्न कसं तयार करतं. गणितात आठशे चौसष्ट भागिले चोवीस. सगळं दिवाळीनंतरचं.

भागाकार शिकवायला महिना लागतो. माझ्याकडं चार दिवस होते. मी तिला भागाकार शिकवला नाही, ते एक गणित शिकवलं. उजवीकडं तीन लिही. खाली बहात्तर. रेघ मार. खाली चौदा. वरचा चार खाली आण. उजवीकडं सहा. खाली एकशे चव्वेचाळीस. रेघ. शून्य. एखादी रांगोळी घटवून घ्यावी तसं मी तिच्याकडून ते घटवून घेतलं. "चौदा कुठनं आलं, बाई?" तिनं विचारलं. "ते नंतर सांगीन," मी म्हटलं. "आता नुसतं काढ."

तिनं मान हलवली आणि काढलं. मला वाटत होतं, साहेबांनी शाबासकी दिली की बाप मुलगी ठेवणार, मग पुढचे पाच महिने माझेच आहेत. चौदा कुठून आले ते सावकाश सांगू.

साहेब आले ते तापलेलेच आले. एसटी बिघडल्यामुळं दोन मैल चालले होते. आल्या आल्या त्यांनी हजेरीपट काढला, पटावरची आणि वर्गातली मुलं मोजली, पहिलीतल्या एका पोराला 'क' काढायला सांगितला आणि त्यानं काढला नाही तेव्हा माझ्याकडं रोखून बघितलं. दुसरी सतराच्या पाढ्यात अडकली. तिसरीनं येरळा नदी नकाशात भलतीकडंच दाखवली. साहेब वहीत काहीतरी टिपत होते आणि मला माझी बदली लांब लांब जाताना दिसत होती. मुलीचे वडील दाराबाहेर चपला काढून उभे होते.

मग चौथी. मी तिला उभी केली.

पिकं तिनं घडाघडा सांगितली. राज्याभिषेक सांगितला. झाडाचं पान, ऊन, पाणी, सगळं सांगितलं. साहेबांनी वही मिटली आणि खडू तिच्या हातात दिला. आठशे चौसष्ट भागिले चोवीस. ती फळ्याकडं वळली. तीन. बहात्तर. रेघ. चौदा. चौदापाशी तिचा हात थांबला. मी साहेबांच्या मागं उभी होते, ओठसुद्धा हलवता येत नव्हता. इतकी शांतता त्या शाळेत मी त्याआधी ऐकली नव्हती. मग तिनं चार खाली आणला आणि गणित पुरं केलं.

साहेबांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. त्यांनी टकळीवरचं तिचं सूत बोटांनी ताणून पाहिलं आणि म्हणाले, "वा. हिला सगळं येतं. बाईंनी शिकवायचं काही शिल्लकच ठेवलेलं नाही."

मला रडू येईल असं वाटलं. तेवढ्यात दारातून तिचे वडील आत आले. साहेबांना वाकून नमस्कार केला. इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"मग झालं की बाई," ते मला म्हणाले. "तुमचं लय उपकार हायती. मला वाटलं, पोरगी अर्धवट ऱ्हाती का काय. सगळंच येतंय म्हनल्यावर आता कशाला ठेवायची? दुपारी निघतो आमी."

तिला सगळं येत नाही, हे एक वाक्य पुरे होतं. पण ते म्हणायचं म्हणजे साहेबांसमोर चिठ्ठी आली, मी एकच गणित घोटून घेतलं, हे कबूल करायचं. त्यांनी आता शेऱ्याची वही टेबलावर उघडली होती आणि पेन हातात होतं.

मुलगी अजून फळ्यापाशीच होती. तिनं बापाकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिला माझ्याआधी सगळं कळलं होतं.

"बाई," ती म्हणाली, "मला दुसरं गनित घाला की."

साहेब हसले. "अजून हौस आहे हिला!"

"कुठलंबी घाला, बाई."

हातात खडू धरून ती थांबली होती. नुसती एक संख्या बदलली असती तरी तिला काही लिहिता आलं नसतं, आणि तेच तिला हवं होतं. ती माझ्याकडं नापास व्हायला मागत होती.

"पुरे आता," मी म्हटलं. "साहेबांना उशीर होतोय. बस खाली."

तिनं खडू जागेवर ठेवला. हात परकराला पुसले आणि दप्तर घेऊन वडिलांच्या मागून गेली. दुपारी मेंढरं शाळेवरूनच गेली. मुलं बघायला धावली. मी आत बसून हजेरीपट भरत होते.

शेरा उत्तम मिळाला. मी कायम झाले आणि पुढच्या जूनमध्ये बदलीनं वाईकडं आले. पावसाळ्यात ती परत आली का, शाळेत गेली का, हे मी त्या गावाला पत्र लिहून विचारू शकले असते. मी विचारलं नाही.

त्यानंतर तीस वर्षं मी मुलांना भागाकार शिकवला. कुणाचं गणित बरोबर आलं की मी लगेच त्याला दुसरं घालायची, ते बरोबर आलं की तिसरं. मुलं वैतागायची. "बाई, बरोबर आलंय की, मग आता कशाला?" म्हणायची. मी फळ्यावर नवे आकडे लिहायची.