नूरभाईंच्या हातातली दोन कार्डं

सकाळी सव्वासातला नूरभाईंचा फोन आला. "वैनी, वसंता गेला," एवढंच म्हणाले. मी विचारलं, "कोण म्हणालं?" मग ते म्हणाले, "मीच म्हणतोय. दवाखान्यातून. डॉक्टरांनी दोनदा बघितलं, मी पण बघितलं." तेव्हा कुठे मी खुर्चीत बसले. ईशा, अर्णव, आजीला अशा वेळी हाच प्रश्न कसा सुचला याचं तुम्हाला नवल वाटेल. पण ती सवय तुमच्या वसंतआजोबांनीच लावली होती. कुठलीही बातमी आली की ती कोण सांगतंय ते आधी विचारायचं, आणि सांगणाऱ्याला त्यातून काय मिळणार ते नंतर. त्यांच्या जाण्याची बातमीही मी त्यांच्याच पद्धतीने घेतली.

तुम्ही त्यांना पाहिलंत ते बहुतेक तिकडे परदेशातून, फोनच्या पडद्यावरच. ते तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, माझे दीर. मी पेणला शाळेत इंग्रजी शिकवत होते. ते रोह्याजवळ धाटावच्या बाजूला एका रसायनांच्या कंपनीत ऑपरेटर होते. गाव आमचं खांब, तिथे भात आणि वाल पिकवणारे भाऊबंद अजून आहेत, आणि घरचा गणपतीही तिथेच बसतो. मूर्ती न्यायला ते दरवर्षी पेणला यायचे. मूर्तिकाराने शाडूची म्हणून सांगितलेली मूर्ती आधी तिरकी करून पाटाखालून नखाने खरवडायचे. मूर्तिकार आमच्या ओळखीचा, माझा विद्यार्थी. तो म्हणायचा, "काका, देवावर तरी विश्वास ठेवा." भावजी म्हणायचे, "देवावर हाय. तुझ्यावर नाय."

त्यांच्या संशयाची गोष्ट मी आज नीट क्रमाने सांगणार आहे, कारण तिच्यात माझाही हात आहे आणि ती तुमच्या घरापर्यंत येऊन पोचते.

तुमचा बाबा कॉलेजात होता तेव्हाची गोष्ट. कंपनीतली युनियन मुंबईच्या एका राजकीय पक्षाची होती. तिचे पुढारी, ज्यांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणत, ते वर्षातून दोनदा येत. आणि निवडणूक असेल तर जास्त वेळा. पक्षाच्या सभेला माणसं कमी पडली की कामगारांना टेम्पोत घालून कोलाडच्या नाक्यावर झेंडे घेऊन उभं करत. पगाराचा करार मात्र रखडलेला. साहेब मालकाबरोबर दार लावून बसले आणि बाहेर येऊन "थोडा धीर धरा" म्हणाले, त्या दिवशी भावजींच्या मनात जे आलं ते गेलं नाही. त्याच सुमाराला कंपनीत नवा मॅनेजर आला. मऊ बोलणारा. त्याने सुचवलं, पक्षाची युनियन सोडा, तुमची तुम्ही अंतर्गत युनियन करा, आपण घरातलं घरात मिटवू. भावजी मला म्हणाले, "वैनी, माणूस गोड बोलतो. म्हंजे काहीतरी हाय." पण साहेबांवरचा संशय मॅनेजरवरच्या संशयापेक्षा जुना होता.

सोडावं की नाही यावरून त्यांचं नूरभाईंशी रोज वाजायचं. नूरभाई रोह्याच्या नदीपलीकडच्या अष्टमी गावचे, त्याच प्लांटवर भावजींच्या जोडीला अठरा वर्षं. ते म्हणायचे, "साहेब चोर असंल, पण आपला चोर हाय. मॅनेजर कोणाचा हाय?" भावजी त्यांना साहेबाचा चमचा म्हणायचे. नूरभाई म्हणायचे, "चमचा तर चमचा. उद्या ताटात काय आलं नाय तर बोलू नको."

नव्या कराराचा मसुदा इंग्रजीत होता. तो घेऊन भावजी लागोपाठ तीन रविवार पेणला माझ्याकडे आले. मी एकेक कलम वाचायची, मराठीत सांगायची, ते पेन्सिल हातात धरून एकच प्रश्न विचारायचे, "ह्यात कापलंय काय?" काही कापलेलं नव्हतं. उलट दोन गोष्टी वाढल्या होत्या. शेवटी एक वाक्य होतं : सध्या लागू असलेल्या सर्व सेवाशर्ती पूर्ववत चालू राहतील. ते त्यांनी माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं. "सर्व म्हंजे सर्व?" "सर्व म्हणजे सर्व, भावजी." तरी ते कागद उजेडाकडे धरून पाहत राहिले, जणू मागच्या बाजूने काही दिसेल. मी जरा वैतागून म्हटलं, "आता तरी विश्वास ठेवा. एवढं स्वच्छ वाक्य मी सरकारी कागदातही पाहिलेलं नाही." माझ्या इंग्रजीवर त्यांचा विश्वास होता. जगात बहुधा तेवढ्या एकाच गोष्टीवर.

कामगारांनी हात वर करून पक्षाची युनियन सोडली. भावजी नव्या समितीवरच्या पाच जणांत आले. पहिलं वर्ष चांगलं गेलं हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. रखडलेली वाढ मिळाली, कॅन्टीन सुधारलं. नूरभाईसुद्धा गप्प झाले.

मग गणपती आले. इथे एक रीत समजून घ्या. रसायनांचा प्लांट सणाला बंद ठेवता येत नाही, तो रात्रंदिवस चालू लागतो. आणि गौरी-गणपतीत आपल्याकडचा माणूस गावी गेला नाही असं होत नाही. म्हणून कंपनी सुरू झाल्यापासून कामगारांनी आपसात ठरवलेलं होतं. गणपतीचे दिवस अष्टमी-रोह्याचे मुसलमान ऑपरेटर दोन-दोन पाळ्या करून प्लांट सांभाळायचे. दोन्ही ईदांना खांब, कोलाडकडची माणसं त्यांची पाळी भरून द्यायची. प्रत्येकाचा जोडीदार ठरलेला. जोडीदार दुसऱ्याच्या जागी उभा राहायचा, म्हणून गेटवरच्या यंत्रात त्याचं हजेरीचं कार्डही तोच घालायचा. फोरमनला माहीत, जुन्या मॅनेजरला माहीत, गेटवरचा वॉचमन तर कार्ड काढून हातात द्यायचा. पाऊस पडतो हे जसं कोणी लिहून ठेवत नाही, तसं हे कोणी लिहिलेलं नव्हतं. तीन रविवार आम्ही दोघं कागदात काय आहे ते शोधत बसलो. कागदात काय नाही, हे मला विचारायला सुचलं नाही. आणि नवल म्हणजे त्यांनाही नाही.

गौरी जेवल्या त्या दिवशी भावजी खांबला आरतीला उभे असताना, गेटवर नूरभाईंना दोन कार्डं हातात असताना पकडलं. खोटी हजेरी. तिथेच निलंबनाचं पत्र. फोरमन म्हणाला, मला असलं काही माहीत नव्हतं. मॅनेजर तसाच मऊ आवाजात समितीला म्हणाला, "पूर्वीच्या सगळ्या शर्ती चालू आहेत की. बदलीची शर्त कुठे लिहिलीय तेवढं दाखवा." भावजी जुने-नवे सगळे करार पिशवीत भरून माझ्याकडे आले. मी दोन दिवस शोधलं. कुठेही नव्हतं.

ते मुंबईला साहेबांकडेही गेले. दिवसभर कचेरीत बसवलं, चहा दिला आणि संध्याकाळी साहेब म्हणाले, "तुम्ही आमच्यातून बाहेर गेलात ना? मग मी कोण बोलणार?" परत आल्यावर मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "चहा चांगला होता." त्यांना स्वतःला तोवर फक्त ताकीद मिळाली होती. दोघांचा गुन्हा एकच, कार्ड तर भावजींचंच. मग नूरला निलंबन आणि मला ताकीद का? हा प्रश्न त्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारला. उत्तर त्यांना माहीत होतं असं मला वाटतं. ते समितीवर होते, पुढच्या करारावर त्यांची सही लागणार होती. आयुष्यभर दुसऱ्यांवर संशय घेणाऱ्या माणसाला तेव्हा पहिल्यांदा स्वतःचा संशय आला.

त्यानंतर आठवड्याभरात नूरभाई पेणला आले, एकटेच. म्हणाले, "वैनी, इंग्रजीत राजीनामा लिहून द्या. दोन ओळींचा. वसंताला आत्ता सांगू नका." मी म्हटलं, दोघांचीही चौकशी अजून व्हायची आहे, घाई कशाला? ते हसले, "लिवा ओ." मी लिहिला. व्याकरणाची एक चूक नव्हती त्यात. ... मला तेव्हाच शंका आली होती, आणि मी ती विचारली नाही. दोन महिन्यांनी ते एका आखाती देशात गेले, जिथे कुठल्याच पक्षाची काय, कुठलीच युनियन नसते. निघताना स्टँडवर भावजींना म्हणाले, "तुझ्या गणपतीनं मला इमानात बसवलान बघ." भावजी हसले नाहीत.

पुढच्या काही महिन्यांत त्यांनी एक काम केलं. प्रत्येक कामगाराच्या घरी जाऊन विचारलं, कागदावर नसलेलं तुला काय मिळतं? कोणाला डोळ्यांत रसायन उडालं की गाडी मिळायची, कोणाला लावणीच्या वेळी सकाळची पाळी. लोक चेष्टा करायचे, "वसंता, बायको कालवणात दोन मासे जास्त घालते ते पण लिव." भावजींनी तेही ऐकून घेतलं. पुढच्या करारात बदलीची पाळी लिहिलेली आली : अर्ज, दोघांच्या सह्या, दोघांना हजेरी. आजही त्या कंपनीत ती आहे म्हणतात. कोण म्हणतं? नूरभाईंचा पुतण्या, तो तिथेच आहे. त्यामुळे मी ते खरं धरते.

आता तुमच्या घरची गोष्ट. तुमच्या देशाने युरोपातून बाहेर पडायचं ठरवलं तेव्हा, ईशा, तू लहान होतीस आणि दिवाळीच्या कॉलवर विचारलंस, "वसंतआजोबा, आईच्या सुट्ट्या कमी होणार का? शाळेत एक मुलगी म्हणाली." ते म्हणाले, "ती मुलगी कोणाची हाय?" मग, "आणि कमी होणार नाय असं कोण म्हणतं?" तुझा बाबा मागून म्हणाला, काका, काळजी नको, युरोपातून आलेले कामगारांचे कायदे आहेत तसेच ठेवणार आहेत. भावजींनी फोन माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाले, "आमच्या कागदात पण हेच होतं."

मग फोन परत घेऊन त्यांनी बाबाला विचारलं, तुझ्या हापिसात न लिहिलेलं काय मिळतं? बाबा हसला. म्हणाला, शुक्रवारी मुलांना आणायला लवकर सुटतो, साहेब काही बोलत नाही. "साहेब किती वर्षं टिकणार?" भावजींनी विचारलं. बाहेर पडणं चूक असं भावजी कधीच म्हणाले नाहीत, हे लक्षात ठेवा. युनियनच्या साहेबांबद्दल त्यांचं मत शेवटपर्यंत तेच होतं. ते एवढंच म्हणायचे की घर सोडताना आपण सामान मोजलं नाही, कारण त्यातलं अर्धं सामान आहे असं कधी वाटलंच नव्हतं. कायदे तुमच्याकडे खरोखरच तसेच राहिले की नाही, मला इथे बसून कळत नाही. वर्तमानपत्रं दोन्ही म्हणतात. तुमच्या बाबाने शुक्रवारचं लिहून घेतलं का, ते मात्र तुम्ही त्याला विचारू शकता.

नूरभाई चार वर्षांपूर्वी कायमचे परत आले, दुखरे गुडघे घेऊन. भावजी गेल्यावर, गेल्या आठवड्यात मी अष्टमीला त्यांच्या घरी गेले. पडवीत एकच खुर्ची आहे, हात असलेली, बरी; आणि बाजूला सिमेंटचा बुटका कट्टा. त्यांनी मला आत पलंगावर बसा म्हटलं, पण मी कट्ट्यावरच बसले. मी त्यांना ते विचारलं, जे तेव्हा विचारायचं राहिलं होतं. तुम्ही राजीनामा दिलात म्हणून भावजी ताकिदीवर सुटले का?

समोर नदीवरच्या पुलाकडे बघत ते म्हणाले, "मॅनेजर बोलला, दोघांना काढायचं का एकानं जायचं, तुम्हीच बघा. वसंताच्या पोरी लहान होत्या, वैनी. माझा मामा दुबईत होता."

"भावजींना माहीत होतं?"

"वसंताला?" ते हसले. "तो शाडूची माती नखानं बघणारा माणूस. त्याला संशय नसंल असं व्हईल का? पण चार वर्षं रोज रोह्याहून पूल ओलांडून हितं आला, एकदा पण विचारलान नाय. मी पण सांगितलं नाय."

चहा झाला. आतल्या घड्याळात तीनचे ठोके पडले, तसे नूरभाई खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले आणि माझ्या शेजारी कट्ट्यावर येऊन बसले. मला वाटलं त्यांना काही दाखवायचं आहे. मी म्हटलं, "इथे कशाला आलात? गुडघा दुखतो ना, खुर्चीतच बसा."

"दुपारची पाळी तीनला लागते," ते म्हणाले. "जोडीदार आला की उठून जागा द्यायची. तो तीनलाच यायचा."

आम्ही दोघं तसेच कट्ट्यावर बसून राहिलो. निघायची माझी गाडी चारची होती.