माझ्या ओट्यावर खचलेला डोंगर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मध्ये मी तुम्हाला जरा घाबरवणार आहे. तो दिवस आठवला की मी अजून झोपेतून दचकून उठतो. आमच्या घरच्यांना मात्र हसू आवरत नाही!

मी ग्रामसेवक. राहायला जव्हारला, नोकरी शेजारच्या मोखाडा तालुक्यात, खोडाळ्याच्या पुढे डोंगराला चिकटलेल्या एका पाड्यावर.

त्या श्रावणात पावसाने दम म्हणून घेतला नाही. वरून हुकूम आला: भिंतीला भेग, कललेलं झाड, खचलेली जमीन, जे दिसेल ते मोबाइलच्या ॲपमध्ये भरा. त्यावरून दरडींचा नकाशा होणार आणि नकाशा बघून बचाव पथक कुठे धाडायचं ते ठरणार.

पाड्यावर घरोघर फिरलो. मागच्या डोंगराला लांबलचक भेग. सोनीआजी म्हणाली, "भाऊसाहेब, डोंगुर कण्हतो रं. कान लावून बघ."

मी कान नाही लावला. मोबाइल भिजत होता, ॲप उघडत नव्हतं. मग सगळं कागदावर लिहून घेतलं, जव्हारला आलो आणि आमच्या ओट्यावर बसून, बशीत कांदाभजी घेऊन, एकेक नोंद भरून टाकली. म्हटलं, आता काय ते नकाशा बघेल!

नकाशाने बघितलं हो. फार नीट बघितलं!

दोन दिवसांनी मोखाड्याला बैठक. जिल्ह्याहून आलेल्या नकाशाच्या मॅडमनी पडद्यावर दोन्ही तालुके दाखवले. सगळीकडे हिरवंगार, आणि जव्हारवर रक्तासारखा एकच लाल डाग.

"इथे जमीन खचतेय, भिंती फाटतायत," मॅडम म्हणाल्या. "सगळं एका जागी! असं मी कुठेच पाहिलेलं नाही. पथक निघालंय."

त्यांनी चित्र मोठं केलं. गल्ली दिसली. शेवग्याचं झाड दिसलं. निळे पत्रे दिसले.

अहो, ते पत्रे मी स्वतः ठोकलेले!

धडपडत बाहेर आलो आणि बायकोला फोन लावला.

"मंदा, आईला घेऊन आधी बाहेर पड!"

"कुकर लावलाय."

"कुकर मरू दे! जमीन खचतेय!"

"अगं बाई! कुठे?"

"आपल्या खाली!"

आणि फोन कट. पुन्हा लावला, लागेना. मोटारसायकल काढली. वाटेत धुकं इतकं, की पुढचं चाक दिसत नव्हतं. प्रत्येक वळणावर डोळ्यांपुढे एकच चित्र: पत्रे दरीत, मंदा हाका मारतेय, आणि आईला तर गुडघ्यांमुळे पळताही येत नाही. देवाला काय काय बोललो ते इथे सांगत नाही. फेडायचं अजून बाकी आहे.

पोचलो तर अख्खी गल्ली रस्त्यावर! पथकाने दोर बांधलेला. आई खुर्चीत, डोक्यावर छत्री. मंदाच्या हातात कुकर.

शेजारचे काका म्हणाले, "तरीच! आमच्या न्हाणीतली फरशी हलते ती उगीच नाही." लगेच ज्याला त्याला आपापल्या घरात भेग सापडायला लागली. मलाही सापडली.

"ती बघा! काल नव्हती!" मी ओरडलो.

"ती आपल्या लग्नाच्या आधीपासून आहे," मंदा म्हणाली.

पथकाचा प्रमुख बुचकळ्यात पडला होता. हातातल्या यंत्रात बघत म्हणाला, "एवढी पडझड नोंदवलीय आणि इथे तर दगडही हललेला नाही. ही माणसं कुठे राहतात?" आणि नावं वाचायला लागला. "सोनी... लखमा... जानू..."

माझे कान तापले. ही तर पाड्यावरची नावं!

"माहिती भरणारा," तो पुढे वाचत होता, आणि माझं नाव आलं.

मग त्याने समजावलं. जिथे बसून नोंद भरता, तिथलीच जागा ॲप आपोआप धरतं. म्हणजे मी अख्खा पाडा उचलून माझ्या ओट्यावर आणून ठेवला होता!

आईने छत्री बाजूला केली. "म्हणजे परवा भजी खात खात हेच चाललं होतं?"

लोक हसायला लागले. मीही हसणार होतो, तेवढ्यात प्रमुखाने हळूच विचारलं, "मग ही घरं खरी आहेत कुठे?"

मी त्याच्या यंत्रातल्या नकाशावर खोडाळ्याच्या पुढे बोट ठेवलं. तिथे नकाशा हिरवा होता. पाऊस कोसळत होता, आणि तिथे जायचं ते पथक माझ्या अंगणात उभं होतं.

खरं सांगतो, मघाची भीती काहीच नव्हती. खरी भीती आता वाटली. सगळे जीपमध्ये बसलो. मी फक्त "लवकर, लवकर" म्हणत होतो आणि ड्रायव्हर माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता.

पाडा जागेवर होता. पण डोंगराची भेग हातभर रुंदावली होती, आणि आत खरंच कण्हल्यासारखा आवाज येत होता. म्हातारी माणसं पाठीवर घेतली, गुरं सोडली, सगळ्यांना शाळेत आणलं. उजेड असतानाच दरड सुटली. आवाज असा, की शाळेच्या खिडक्या थरथरल्या. लखमाचा गोठा गेला, तोही रिकामा. माणूस एकही गेलं नाही. मी भिंतीला टेकून खालीच बसलो.

सोनीआजी जवळ आली. "भाऊसाहेब, इतका येळ कुठं व्हतास? आमी दोन दिस वाट बघली."

काय सांगणार? ओटा सांगू? भजी सांगू?

"रस्ता चुकलो, आजी," मी म्हणालो.

तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तिला माझी फार दया आली असावी.

तेव्हापासून मी खोडाळ्याला एसटीतून उतरलो, की पाड्यावरचं कोणीतरी फाट्यावर उभं असतं. छत्री धरतात, पिशवी घेतात आणि भाऊसाहेबाला हाताला धरून पाड्यापर्यंत नेतात.