तेवीस नंबरचं पाणी

उस्मानपुऱ्यातलं भाड्याचं घर सोडून आम्ही शहराबाहेरच्या नव्या सोसायटीत आलो, तर तिथं नळच कोरडे. इमारती पुढं गेल्या होत्या, पाइपलाइन मागं राहिली होती. त्यात लागोपाठ दोन वर्षं पाऊस नाही. टँकर आला की बायका एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या बेतात असायच्या. मला असला गोंधळ खपत नाही. मी यादी केली. नंबर, पूर्ण नाव, कितवा मजला, घरात माणसं किती, मोबाइल. माझं अक्षर सुरेख आहे, हे सगळी सोसायटी कबूल करायची आणि मला ते आवडायचं.

तिसऱ्या मजल्यावर एक तरुण बाई एकटी राहायची. कुठल्याशा दवाखान्यात कामाला होती. यादी घेऊन गेले तर ती दारातच घुटमळली.

"काकू, नाव लिहायलाच पायजे का? सासरच्यांना पत्ता कळू द्यायचा नाय मला. लई मारायचे."

वाईट वाटलं, पण नियम म्हणजे नियम.

"अगं, यादी आपल्यातच राहणार. नाव नाही, तर नंबर नाही."

रिकाम्या बादल्यांकडे बघत तिनं नाव सांगितलं. तेवीस नंबर.

मग कुणी वशिल्याचा संशय घेऊ नये म्हणून त्या यादीचा फोटो मीच सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. पुढं तो कुणी कुणाला पाठवला, देव जाणे.

महिन्याभरानं दुपारी माझ्या तळमजल्यावरच्या दाराशी दोन माणसं आली. त्यांनी मला फक्त जिना कुठं आहे ते विचारलं. एकाच्या हातातल्या मोबाइलवर माझंच अक्षर होतं.

थोड्या वेळानं ती पिशवी घेऊन त्यांच्यामागं खाली आली. माझ्यापाशी थांबली.

"काकू, माझ्या नंबरचं पाणी तुम्हीच घ्या आता."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी पोलिसांना फोन करायला हवा होता. मी दार लावून घेतलं.

आता नळाला पाणी येतं, चार-पाच दिवसांआड का होईना. दुकानात कुणी नाव-नंबर विचारला की अजून मी सामान तिथंच ठेवून निघून येते. पण सगळ्यात जास्त छळतो तो ती गेल्यावर आलेला पहिला टँकर. तेवीस नंबर पुकारला गेला. मी माझ्या बादल्या पुढं केल्या, भरून घेतल्या आणि तिच्या नावापुढं सुरेख अक्षरात लिहिलं, 'मिळालं'.