को काकूंची सोबत

को काकू दर सोमवारी आमचं दुकान उघडायच्या आधीच दारात उभ्या असायच्या. सत्तरी ओलांडलेली, बुटकी, काटक बाई. पायात रबरी चपला आणि अंगात मुलाचं जुनं जॅकेट. मी इथे परदेशात, टौरंगा नावाच्या समुद्रकाठच्या शहरात फार्मासिस्ट आहे. त्यांना हवं असायचं डोकेदुखीच्या गोळ्यांचं एक पाकीट. खुर्ची पुढे केली तर बसायच्या नाहीत. मी पाकीट स्कॅन करेपर्यंत शेल्फांमधून येरझारा घालायच्या. चार-पाच सोमवार झाल्यावर मी माझा खास कामाचा आवाज काढून विचारलं, डोकं कधीपासून दुखतंय? मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्या म्हणाल्या, "दुखत नाही. दुखायच्या आधी खाते."

मी कपाळाला हात लावला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. काकू कोरियाच्या दक्षिणेला असलेल्या जेजू नावाच्या ज्वालामुखीच्या बेटावरच्या. तिथल्या बायका पाठीवर ऑक्सिजनची टाकी वगैरे काही न घेता, नुसता श्वास रोखून समुद्रात बुड्या मारतात आणि तळाचे शिंपले काढतात. काकूंनी हे काम जवळजवळ पन्नास वर्षं केलं. पाण्याच्या दाबानं डोकं ठणकतं, म्हणून तिथे गोळ्या आधीच घ्यायची पद्धत. आपण घराबाहेर पडताना चहा घेतो तसं. नवरा गेल्यावर मुलानं, मिन्सूनं, त्यांना इकडे आणलं, छान उबदार खोली दिली आणि समुद्रात जायला साफ बंदी केली. काकू फिरायला जाते म्हणून सांगायच्या आणि माउंट नावाच्या डोंगराखालच्या खडकांवरून पाण्यात उतरायच्या. मी किडनी, पोट, रक्तदाब यांवर चांगलं दहा मिनिटं भाषण ठोकलं. ते संपल्यावर त्यांनी विचारलं, आज भरती किती वाजता आहे.

गोळ्या देणं मी बंद केलं आणि त्यांना डॉक्टरकडे धाडलं. डॉक्टरनं तपासलं, गोळ्यांना बंदी केली, बाकी तब्येत वयाच्या मानानं ठणठणीत म्हणून सांगितलं. काकूंनी हे समुद्राचं आमंत्रणच मानलं. माझे आभार म्हणून दह्याच्या डब्यात एक किना, म्हणजे इथे खातात तो काटेरी, गोल समुद्री जीव, घेऊन आल्या, अजून हलणारा. आमच्याकडे अंडंसुद्धा सासूबाईंना फोनवर कळू न देता उकडतात. मी तो डबा हातात धरून उभी, आणि माझी लेक मागून म्हणते, "Mum, it's moving."

मिन्सूला काकूंचा ओला, रबरी वेटसूट सापडला तेव्हा तो तडक माझ्याकडे आला. शांत, सभ्य मुलगा. म्हणाला, ती तुमचं ऐकते. हृदय कमजोर आहे, पाण्यात गेलीस तर मरशील, एवढं सांगा. मी म्हटलं, खोटं सांगणार नाही. तो निघून गेला, आणि मी मात्र पुढचे चार दिवस कुणाचंही प्रिस्क्रिप्शन तीन-तीनदा तपासत राहिले. काकूंना खरंच काही झालं तर?

त्याच आठवड्यात आम्ही पुण्याला निघालो होतो आणि काकूंच्याच आग्रहानं वाटेत तीन दिवस जेजूला थांबणार होतो. पाहिलं, सगळं पाहिलं. समुद्रातून उठलेलं ते प्रचंड विवर चढले, काळ्या दगडांच्या कुंपणांमागच्या संत्र्यांच्या बागा पाहिल्या. तिथे दगडी आजोबांचे पुतळे असतात, त्यांचं नाक चोळलं की मुलगा होतो म्हणे; आमच्या ह्यांनी पन्नाशीत ते चोळून फोटो काढून घेतला. माझं लक्षच लागत नव्हतं. शेवटच्या दिवशी टॅक्सीवाल्याला घेऊन काकूंचं गाव गाठलं.

किनाऱ्यावर दगडांच्या गोल आडोशात शेकोटी होती आणि भोवती अकरा बायका, बहुतेक काकूंच्याच वयाच्या. मी फोनवरचा काकूंचा फोटो दाखवला. तो हातोहात फिरला, हशा पिकला, त्यांची बसायची जागासुद्धा मला दाखवली. मग सगळ्यांत थोरल्या बाईनं विचारलं, तिकडे हिच्याबरोबर पाण्यात कोण असतं? मी म्हटलं, कुणी नाही. हसणं थांबलं. टॅक्सीवाल्यानं समजावलं की इथे कितीही पटाईत असली तरी एकटी कुणी उतरत नाही. प्रत्येकीनं दुसरीवर नजर ठेवायची, वर यायला उशीर झाला तर शोधायला जायचं. थोरल्या बाईनं निरोप दिला, "तिला सांग, एकटी जाते तिला आम्ही आमच्यातली म्हणत नाही."

परतल्यावर मी तो निरोप जसाच्या तसा दिला. काकू पहिल्यांदा खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, मग तू ये.

मला पोहता येत नाही, हे मी सांगितलं. त्या म्हणाल्या, डोळे आहेत ना. झालं, मी दोन शनिवार खडकावर घड्याळ धरून बसले. काकू वर येताना शीळ घातल्यासारखा श्वास सोडायच्या. तो ऐकू आला की माझाही श्वास सुटायचा. तिसऱ्या शनिवारी शीळ आलीच नाही. मिनिट झालं, दोन झाली. मला काय सुचलं देव जाणे, खांद्यावरच्या पर्ससकट मी पाण्यात धावले आणि पहिल्याच लाटेनं आडवी झाले. काकू खडकाच्या पलीकडून वर आल्या होत्या. त्यांनी भरलेली जाळी सोडून दिली, मला कॉलरला धरून ओढत काठावर आणलं आणि पाठीत दणादण धपाटे घातले. मी हमसून रडत होते. को काकू म्हणाल्या, "चूक माझी. पोहता येत नाही तिला मी सोबतीला बसवलं."

त्याच संध्याकाळी त्यांनी मिन्सूला सगळं सांगितलं, आणि आपण जेजूला परत जाणार हेही. मिन्सू दुकानात आला. म्हणाला, मी एक खोटं मागितलं होतं, तेवढंही तुमच्याकडून झालं नाही. काकूंना विमानतळावर सोडायला गेले तेव्हाही तो माझ्याशी बोलला नाही.

याला सहा-सात महिने झाले. मध्यंतरी एका सकाळी तो काउंटरपाशी येऊन उभा राहिला आणि फोन माझ्यापुढे धरला. गावातली कुणाची तरी सून त्याला व्हिडिओ पाठवते: काकू आणि त्या अकरा बायका पाण्यात शिरताना, आणि मग त्यांची वर येणारी डोकी. आता तो जवळजवळ दर आठवड्याला येतो. व्हिडिओ आदल्या दिवशीचा असतो, बायका कधीच घरी जाऊन जेवलेल्या असतात, हे आम्हा दोघांनाही ठाऊक असतं. तरी मी गिऱ्हाइकाला जरा थांबायला सांगते, आणि बारावं डोकं वर येईपर्यंत आम्ही दोघंही एक अक्षर बोलत नाही.