आबाला बघायचं तर वरून

अमळनेरहून येणारी एसटी आमच्या फाट्यावर थांबली की हल्ली त्यातून माणसं उतरतात आणि पहिला प्रश्न टाकतात, "मगर कुठे दिसते?" रामराम नाही, श्याम श्याम नाही. जशी काही मगर म्हणजे पानाची टपरी, फाट्यापासून डाव्या हाताला दुसरी. कोणीतरी मोबाइलमध्ये तिचं चित्र फिरवलं, तेव्हापासून हा ताप आहे. आधी या गावाकडे कुत्रं फिरकत नव्हतं.

मी चौथी पास. अमळनेरला तेलाच्या मिलमध्ये बॉयलरवर उमर घालवली. मिल बसली, तसा गावी आलो. गाव तापीच्या काठावर. मी मिलमध्ये होतो तेव्हा घरचीनं नदीच्या वाळूत डांगरांची, म्हणजे खरबुजांची, वाडी लावायला सुरुवात केली होती. तिची डांगरं अशी गोड, की लोक बी मागून न्यायचे. मग खाली धरणाचं पाणी अडलं, वाळू बुडाली, डांगरं गेली आणि त्याच पाण्यातून एक दिवस हे जनावर आलं. "माय एक लेस, एक देस," ती म्हणाली. तापीमाय एक घेते, एक देते. मी म्हणालो, डांगर निदान खाता तरी येत होतं.

पहिल्यांदा मला दिसलं तेव्हा मी ओरडलो, "मगर!" तिनं माझ्या दंडाला चिमटा काढला. "पानीजोडे त्यानं नाव नका लेऊ. नाव लिधं का तो येस. आबा म्हना." पाण्याजवळ नाव घेतलं की तो येतो म्हणे. आमच्याकडे बाया सापालाही साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात. तसंच हे. वडीलधाऱ्याचा मान दिला की वडीलधाऱ्यासारखं लांब बसून राहील, असा हिशोब. मला तो अडाणीपणा वाटायचा. पण तिच्याशी वाद घालून मी आयुष्यात कधी जिंकलो नाही, म्हणून मीही आबा म्हणायला लागलो. धुणं धुताना पाण्यात काही हललं की बाया ओरडायच्या, "आबा उना!" आबा आला, आणि सगळ्या बादल्या सोडून वर. नर की मादी, देव जाणे. तपासायला कोण जाणार?

गावातले लोक मलाही आबाच म्हणतात. त्यावरून ती मला टोचायची, दोघंही सारखेच आळशी म्हणून. "मना दोन आबा शेतस. एक पानीमा, एक खाटवर. बठ्ठा दिन ऊनमा पडी ऱ्हातस, आन् कामले हाक मारी का डोया मिटी लेतस."

तर बघायची जागा. घाटाच्या वरच्या अंगाला नदीनं माती खाऊन उभी दरड केली आहे, दोन पुरुष उंच. वर एक हिवराचं झाड. समोर, पाण्याच्या मधोमध, काळ्या खडकाचा पट्टा. थंडीत ऊन चांगलं तापलं, म्हणजे दहाच्या सुमाराला, आबा त्या खडकावर येऊन पडतो. आम्ही हिवराला टेकून बसायचो. ती गोणपाट टाकून त्यावर मेथी निवडायची, मी काही करत नसे. दोघंच मावतील एवढी जागा, मागे सगळी बाभळीची काटेरी झुडपं. उभ्या दरडीवर मगर चढत नाही. आपण त्याला दिसतो, त्याचं काही बिघडत नाही. तो आपल्याला दिसतो, आपलं काही बिघडत नाही. नवरा-बायकोचंही असंच असतं, थोडं अंतर ठेवलं की टिकतं, असं मी एकदा म्हणालो. तिनं मेथीची मुळं माझ्या अंगावर फेकली.

ती गेली त्याला दोन थंड्या झाल्या. काविळीनं गेली, मगरीनं नाही. हे सांगावं लागतं, कारण फाट्यावर उतरणाऱ्या एका शहाण्यानं मला तेही विचारलं होतं. लोक मगरीचे अश्रू म्हणतात. मी इतकी वर्षं बघतोय, आबाच्या डोळ्यांत कधी पाणी दिसलं नाही. दहाव्याला आलेल्या पाहुण्यांच्या डोळ्यांत मात्र भरपूर दिसलं, आणि तेराव्याला बुंदी वाढेपर्यंत आटलंही.

मग मी एकटाच जायला लागलो. तिचं गोणपाट घडी करून हिवराच्या बेचक्यात ठेवलेलं, तिथेच राहू दिलं. घरात तिचं म्हणून काही उरलं नाही, सुनेनं लुगडी वाटून टाकली. उरला तो आबा. आम्ही दोघांनी रोज पाहिलेली आणि अजून जिवंत असलेली तेवढी एकच वस्तू.

त्यात हे मोबाइलवाले आले. कुठे दिसते, कुठे दिसते. मी सगळ्यांना खालचा घाट दाखवायचो. "तिथे थांबा, दिसली तर दिसेल." खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. हिवराखाली मला कोणी नको होतं. तिच्या जागेवर कोण्या उपऱ्यानं वेफर खात बसावं?

घाटावर त्यांना काही दिसेना. मग फाट्यावरच्या दुकानदारानं डोकं चालवलं. कोंबडीचे पाय आणि मुंडकी पिशवीत भरून विकायला लागला. फेका पाण्यात, येते. आणि आली की! का नाही येणार? फुकटचं जेवण कोण सोडतो? आधी आबा खडकावरून हलत नसे. आता काठाला पाऊल वाजलं की तो घाटाकडे तोंड करू लागला. बाया धुणं घेऊन घाटावर जायला घाबरू लागल्या. एकीनं मला तोंडावर सांगितलं, "आबा, तुमनी बायको ऱ्हाती ना, तं या लोकेस्ले झाडूघाई हाणती." झाडूनं हाणलं असतं, खरंच.

यंदाच्या थंडीत देवपूरचे सहा जण भरीत पार्टीला आले. घाटावर पऱ्हाटीच्या काड्या पेटवून वांगी भाजली, मिरची कुटली, पुऱ्यांचा डबा उघडला. त्यातला एक जाडा, पांढरे बूट घातलेला, मला फाट्यापासून "आबा, आबा" करत होता. "आबा, तुम्ही तर रोज बघत असाल. कुठून नीट दिसेल?" मी बोट केलं, घाटाकडे. आणि वर हिवराखाली जाऊन बसलो.

वरून सगळं दिसतं. जाड्यानं बूट काढून काठावर ठेवले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि धुण्याच्या दगडावर उभा राहिला. पाण्याकडे पाठ, मोबाइल वर, दुसऱ्या हातात मुंडक्यांची पिशवी. त्या पिशवीतून पाण्यात थेंब पडत होते. खडकाकडे पाहिलं, तर खडक रिकामा. मग पाण्यावर तीन गाठी दिसल्या, दोन डोळ्यांच्या आणि एक नाकाची. सरळ दगडाकडे येत होत्या, घाई नाही, गडबड नाही.

जीभ सवयीनं चालते. मी उठून ओरडलो, "आबा उना! आबा उना!"

जाड्यानं वर बघितलं आणि हात हलवला. "दिसताय हो आबा! या खाली, भरीत गरम आहे!"

"आबा उना रे!"

"म्हातारा स्वतःची वर्दी स्वतःच देतोय," दुसरा म्हणाला आणि सगळे खिदळले.

पाण्याजवळ ते नाव मी कितीतरी वर्षं घेतलं नव्हतं. आता घेतलं. "अरे गाढवा, मगर! तुझ्या पाठीमागे मगर!"

त्यानं उडी मारली ती थेट भरताच्या पातेल्यात. हातातली पिशवी दगडावर पडली, पाणी फुटलं, पिशवी गेली, शेजारचा एक बूटही गेला. माणूस राहिला. सहाच्या सहा जण गाडीपाशी जाऊन उभे. मी खाली गेलो तर जाडा, पायाला भरीत लागलेलं, माझ्यावरच उखडला. "मग आधीच मगर म्हणायचं ना!"

चार शिव्या तोंडात आल्या होत्या. गिळल्या. गाढव होता, पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. शिवाय घाट दाखवला कोणी होता? मी. दरड माहीत असून.

तिसऱ्या दिवशी वनखात्याची बाई आली. खाकी कपडे, चेहरा उन्हानं रापलेला. एवढ्या लोकांत तिच्याशीच काय ते बोलावंसं वाटलं. दगड बघितला, काठावरचा माग बघितला. म्हणाली, "आबा, हिला घाटाची चटक लागलीय. इथे पुन्हा आली तर पिंजरा लावावा लागेल. बायांचा घाट आहे."

"कुठे न्याल?"

"लांब. दुसऱ्या पाण्यात."

"आणि मांस बंद झालं तर?"

"तर जाईल परत आपल्या खडकावर. पण लोक यायचे थांबणार नाहीत. लांबून, उंचावरून दिसेल अशी दुसरी जागा आहे का गावात?"

नाही म्हणालो असतो तर हिवर माझा राहिला असता, आणि त्याखाली बसून मी रिकामा खडक बघत बसलो असतो. शेवटी म्हणालो, "चला, दाखवतो."

दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड घेतली. हिवरामागची बाभळीची झुडपं तोडली, आठ-दहा माणसं बसतील एवढी जागा केली. त्याच काट्या ओढत नेऊन अर्ध्या दरडीच्या कडेला लावल्या आणि अर्ध्या घाटाच्या वाटेवर, बायांपुरती वाट सोडून. तळहात फुटले. दुकानदार बघायला आला. "आबा, माझ्या धंद्यावर काटे टाकले तुम्ही."

"उरलेली मुंडकी तूच खा," मी म्हणालो. "बुद्धी वाढते म्हणतात."

आता येणाऱ्याला मी सांगतो, आणि ऐकत नसेल त्याला परत एसटीत बसवतो. थंडीत या, ऊन चढल्यावर. कुत्रं आणू नका, ते त्याचं जेवण आहे. काही फेकू नका, दगड तर नाहीच. काठावर वाकून हात धुऊ नका. दिसते ती मगर बरी, दिसत नाही ती वाईट. तोंड उघडून पडला असेल तर तो रागावलेला नाही आणि जांभईही देत नाही. अंग तापलं की तोंड उघडतो, आमच्या बॉयलरची झडप उघडायची तसा. अंधार पडायच्या आत घरी जा. आणि होळीच्या आसपासपासून पाऊस लागेपर्यंत काठानं हिंडूच नका. कुठे अंडी पुरली असतील सांगता येत नाही, आणि आई कुठलीही असो, आई ती आई.

काही दिवस आबा घाटापाशी घिरट्या घालून गेला. बाया काठ्या आपटत, लांबून पाणी काढत. मग एका सकाळी तो खडकावर दिसला, तोंड उघडून, पूर्वीसारखा. वनखात्याचा पिंजरा आला होता, तो ट्रॅक्टरवरून उतरलाच नाही.

परवा पारोळ्याचं एक कुटुंब आलं. त्यातली म्हातारी गुडघे धरत दरडीवर चढली आणि इकडेतिकडे बघून तिनं बेचक्यातलं गोणपाट काढलं, झटकलं, अंथरलं, त्यावर बसली. माझ्या तोंडात आलं होतं, उठा म्हणून. तिनं पिशवीतून शेंगा काढल्या आणि सोलायला लागली. मी जरा सरकून बसलो.

तेवढ्यात तिचा जावई ओरडला, "ती बघा मगर!"

"नाव घेऊ नका," मी म्हणालो. "आबा म्हणा."

सगळे वळून माझ्याच तोंडाकडे बघायला लागले.

"माझ्याकडे काय बघता?" मी म्हणालो. "तिकडे बघा."