बासष्टावी गाठ

चिंधू म्हात्रे राहायला वळ गावात, कामाला नारपोलीतल्या लूमच्या कारखान्यात. शिक्षण चौथी. भागाकार मात्र असा करायचा की आमच्या अकरावीच्या पोरांनी तोंडात बोटं घालावीत. मी जवळच्याच शाळेत गणित शिकवायचो, म्हणून १९७४ साली तो माझ्याकडे आला.

निमित्त पट्ट्यांच्या कापडाचं. ताण्यात एक हजार नऊ उभे धागे, आणि सारखे पट्टे काही केल्या पडेनात.

"ह्या आकड्याला कशानंच भाग कसा जात न्हाय, गुरुजी?"

मी सांगितलं, अशा संख्येला मूळ संख्या म्हणतात. एकाने आणि तिच्या स्वतःनेच तिला भाग जातो, आणि अशा संख्या कधी संपत नाहीत. झालं! गड्याला स्वतःची एक मोठी मूळ संख्या हवी झाली. त्याने धरली दहा लाख नऊ.

हजाराच्या आतल्या एकशे अडुसष्ट मूळ संख्या मी त्याला लिहून दिल्या. यांतल्या एकीनेही भाग गेला नाही, तर ती मूळच, पुढे बघायला नको. तो रोज ड्युटीआधी एक भागाकार करायचा आणि खिळ्याला टांगलेल्या सुताच्या दोऱ्याला एक गाठ मारायचा. दुसऱ्या दिवशी गाठी मोजून यादीतला पुढचा आकडा घ्यायचा.

सहा महिन्यांनी एकशे अडुसष्ट गाठी घेऊन आला. "तुमी येकदा बगा, मंगच कोनाला सांगन."

पंधरा दिवस त्याचे कागद माझ्याकडे पडून होते. मी एकही भागाकार केला नाही आणि म्हणालो, "बरोबर आहे." शुद्ध आळशीपणा, दुसरं काय! चिंधूने दारावर चुन्याने आकडा लिहिला. त्याची बायको गोदू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "गुरुजींनी बगलाय."

वर्षभराने मी कौतुकाने ही गोष्ट वर्गात सांगितली आणि तेच भागाकार मुलांना वाटून दिले. इशरत नावाची मुलगी उभी राहिली. "सर, दोनशे त्र्याण्णवने भाग जातो. तीन हजार चारशे तेरा येतात."

संध्याकाळी वळ गावी गेलो आणि सांगितलं. चिंधूने दोरा काढला, यादी समोर ठेवली. दोनशे त्र्याण्णव बासष्टावा. बासष्टावी गाठ बाकीच्यांसारखी नव्हती. बारीक, चपटी, लूमवर तुटलेला धागा जोडतात तशी.

"हितं दोरा तुटला व्हता," तो म्हणाला. "मी जोडला."

दिवसभर धागे जोडणारा हात तो. जोडल्याचं ध्यानातही राहिलं नसेल. दुसऱ्या दिवशी ती गाठही मोजली गेली आणि तो आकडा तेवढा सुटला.

तो रागावला नाही. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

"माजं हितं चुकलं, गुरुजी. तुमचं कुठं चुकलं?"

"मी बघितलंच नव्हतं," मी म्हणालो. मान वर करवेना.

गोदूने ओल्या फडक्याने दार पुसलं. मग चिंधूने सुताचा नवा दोरा तोडला आणि माझ्या हातात दिला.

"आता दहा लाख तीन धरू. अर्धे आकडे तुमचे."

ती संख्या खरोखरच मूळ निघाली. दोरा अजून माझ्याकडे आहे. चौऱ्याऐंशी गाठी, सगळ्या माझ्या हाताने मारलेल्या.